हिशेब कोणासाठी ठेवायचा?

मिरा-भाईंदरच्या काशीगावात किंवा काशीमिऱ्याच्या आसपास इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा चालवणाऱ्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं, तरी महिन्याच्या दोन तारखा तो बिनचूक सांगतो. ११ तारखेला जीएसटीआर-१ भरायचा, २० तारखेला जीएसटीआर-३बी. आठवड्यातून एक-दोनदा येणारा अकाउंटंट, त्याच्याकडच्या बिलांच्या फायली आणि वर्षाअखेरीला सीएकडे जाणारी टॅलीची बॅकअप, हा सगळा कारभार त्या तारखांभोवती फिरतो. त्याच माणसाला विचारावं, एका नगामागे तुमच्या हातात किती सुटतात? किती दिवसांचे पैसे बाजारात अडकले आहेत? मग उत्तर अंदाजाने येतं. हा अंदाज अगदीच चुकीचा असतो असं नाही. वर्षानुवर्षं मालात हात घातलेल्या माणसाला पुष्कळ कळतं. पण नवं मशीन, मोठी ऑर्डर, दुसरा गाळा, बँकेची लिमिट वाढवणं, हे निर्णयही त्याच अंदाजावर होतात, आणि चुका महागात पडतात त्या इथेच.

व्यवस्थापकीय वित्त या नावाने जो विषय महाविद्यालयांत शिकवला जातो, तो या निर्णयांचाच विषय आहे. धंद्यातला पैसा कुठून येतो, कुठे किती दिवस थांबतो, आज घातलेला रुपया उद्या किती होऊन परततो, कोणत्या भावाला ऑर्डर घ्यावी आणि कोणत्या भावाला सोडावी, एवढाच त्याचा गाभा. त्याला लागणारं गणित सातवी-आठवीच्या पलीकडचं नाही. तरीही तो गाळ्यापर्यंत पोचत नाही. माझ्या मते याची दोन कारणं आहेत. आपल्याकडे हिशेब सरकार आणि बँक यांच्यासाठी ठेवला जातो, निर्णयासाठी नाही. आणि हा विषय शिकवला जातो तोही उलट्या टोकाने.

मराठी माणसाला हिशेबाची परंपरा नाही, असं म्हणणं सोपं आहे आणि खोटं आहे. पेशवाईत फडणीस हा दरबारातला मोठा अधिकारी. रोजकीर्द, खतावणी, तेरीज यांच्या जोडीला महालाच्या येणाऱ्या जमेचा आणि होणाऱ्या खर्चाचा आगाऊ अंदाज म्हणजे बेहेडा तयार होई. आज ज्याला बजेट म्हणतात ते हेच. तरीही पहिल्या बाजीरावाची ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली पत्रं कर्जाच्या रडगाण्याने भरलेली आहेत. चौथाई आणि सरदेशमुखीचे हक्क कागदावर अफाट होते. वसुली उशिरा आणि अपुरी होई, आणि फौजेचा पगार मात्र थांबत नसे. १७३७ साली वसई मोहिमेत घोडबंदर घेणाऱ्या मराठी राज्याची अडचण आज घोडबंदर रस्त्याच्या तोंडाशी गाळा चालवणाऱ्याच्या ओळखीची आहे: येणं मोठं, रोकड नाही.

विसाव्या शतकात शिकवणाऱ्या संस्था आल्या. मुंबईत १९१३ साली सिडनहॅम कॉलेज सुरू झालं. त्याआधी तीन वर्षं लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळावर कारखाना उभा केला होता. १९३४ साली पुण्यात आ. रा. भटांनी मराठा चेंबर स्थापन केलं. परिव्यय लेखापालांची संस्था १९४४ची. तिला १९५९ साली कायद्याने दर्जा मिळाला. जमनालाल बजाज संस्था १९६५ची. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८चं. यादी चांगली भरघोस आहे. पण यातला सगळ्यात बोलका प्रयोग वर्गाबाहेर झाला. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. विठ्ठलराव विख्यांसारख्या शेतकरी नेत्याबरोबर त्यांनी काम केलं, आणि भाग भांडवल, राखीव निधी, घसारा हे शब्द ऊस घालणाऱ्या सभासदांच्या सभेत बोलले जाऊ लागले. स्वतःचा पैसा गुंतलेला असला की शेतकऱ्यालाही ताळेबंद वाचता येतो, हे तिथे दिसून आलं. पुढे अनेक कारखान्यांत तो वाचायचं बंद झालं, ही वेगळी आणि लांबलचक गोष्ट.

आता महाविद्यालयातला अभ्यासक्रम पाहा. प्रसन्न चंद्र किंवा आय. एम. पांडे यांची जाडजूड इंग्रजी पुस्तकं अनेक पिढ्यांनी वाचली आहेत आणि ती चांगली आहेत. पण ती मोठ्या कंपनीच्या वित्त अधिकाऱ्यासाठी लिहिलेली आहेत. सुरुवात होते भागधारकाची संपत्ती कमाल करण्याच्या उद्दिष्टाने, मग पैशाचं कालमूल्य, जोखीम आणि परतावा, भांडवलाची किंमत, भांडवली रचना, लाभांश धोरण. आणि खेळतं भांडवल बरंच मागून येतं. काशीगावच्या गाळ्याला भागधारक नाहीत, लाभांश नाही, शेअरचा भाव नाही. त्याला पहिल्या दिवसापासून सतावतं ते खेळतं भांडवल. विद्यार्थी तिथवर पोचतो तेव्हा परीक्षा जवळ आलेली असते.

म्हणून आढावा उलट बाजूने घेऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण त्यांचं आपसातलं प्रमाण अशा धंद्यांना धरून ठेवलं आहे. मिरा-भाईंदरमध्ये स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचा धंदा जुना आहे, तेव्हा तोच घेऊ. समजा, एका गाळ्यात महिन्याला १०,००० डबे बनतात आणि जीएसटी सोडून १२० रुपयांना एक विकला जातो. पत्रा ७० रुपये, पॉलिश-बफिंग १२, खोका आणि वाहतूक ६, वीज २. म्हणजे डबा बनला तरच होणारा खर्च ९० रुपये. डबा बनो न बनो, महिन्याला द्यावेच लागणारे खर्च असे: गाळ्याचं भाडं ६०,०००, पगार १ लाख १० हजार, बँकेचं व्याज २०,०००, किरकोळ २०,०००. एकूण २ लाख १० हजार.

एका डब्यामागे ३० रुपये सुटतात. २ लाख १० हजारांना ३०ने भागलं की ७,००० येतात. सात हजारावा डबा विकेपर्यंत मालक फक्त भाडं, पगार आणि बँक यांच्यासाठी राबतो. त्यापुढचा प्रत्येक डबा त्याच्या खिशात ३० रुपये टाकतो. १०,००० डब्यांना महिन्याचा नफा ९०,०००. पुस्तकात याला समविच्छेद बिंदू म्हणतात, गाळ्यात ब्रेक-इव्हन. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा, एवढा तो उपयोगी आहे. गणपती-दिवाळीनंतरच्या मंद महिन्यांत विक्री ६,५०० डब्यांवर आली तर किती खड्डा पडणार, हे आधी कळतं: १५,०००.

इथपर्यंत सगळं ठीक. आता दुसरा प्रश्न: नफा ९०,००० आहे, मग मालक महिन्याच्या सात तारखेला पगारासाठी मित्राकडून हातउसने का मागतो?

पत्र्याची गुंडाळी आल्यापासून ती कापून प्रेसवर जाईपर्यंत २० दिवस. प्रेस, पॉलिशवाल्याकडे पाठवणी आणि परत येणं १० दिवस. तयार माल गाळ्यात १५ दिवस. व्यापाऱ्याकडची उधारी ६० दिवस. एकूण १०५ दिवस पैसा मालाच्या आणि उधारीच्या रूपात फिरतो. पत्र्याचा व्यापारी १५ दिवस थांबतो. उरलेले ९० दिवस मालकाचे. महिन्याचा एकूण खर्च ११ लाख १० हजार, म्हणजे तीन महिन्यांचे सुमारे ३३ लाख रुपये कायम बाहेर. नफा-तोटा पत्रकात हा आकडा कुठेच दिसत नाही. ताळेबंदात दिसतो, पण तो वर्षातून एकदा बनतो, आणि तोपर्यंत त्याला शिळेपणा आलेला असतो.

हा हिशेब बँकेला जुना आहे. १९७०च्या दशकात प्रकाश टंडन समितीने बँकांनी खेळत्या भांडवलाला कर्ज कसं द्यावं याचे नियम बसवले. १९७९ साली के. बी. चोरे समितीने ते आवळले. लहान उद्योगांना ते झेपेनात, म्हणून पी. आर. नायक समितीने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सोपी वाट काढली. वर्षाच्या अंदाजित उलाढालीच्या २५ टक्के ही खेळत्या भांडवलाची गरज धरायची, त्यातले ५ टक्के उद्योजकाने घालायचे आणि किमान २० टक्के बँकेने द्यायचे. ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मर्यादांसाठी हा दंडक आजही चालतो. आपल्या गाळ्याची उलाढाल वर्षाला १ कोटी ४४ लाख. २५ टक्के म्हणजे ३६ लाख, पैकी बँकेचे २८ लाख ८० हजार. आपण मोजलेल्या ३३ लाखांच्या जवळच. हा योगायोग नाही: वर्षाचे २५ टक्के म्हणजे तीन महिने, म्हणजे नायक समितीने ९० दिवसांचं चक्र गृहीत धरलं आहे. ज्याचं चक्र १२० दिवसांचं आहे त्याला बँकेची पूर्ण लिमिट मिळूनही पैसा कमीच पडणार. तो बँकेला शिव्या देतो. दुखणं उधारीच्या वहीत असतं.

वाढीचं दुखणं तर आणखी फसवं. समजा विक्री दीडपट झाली, महिन्याला १५,००० डबे. नफा ९०,००० वरून २ लाख ४० हजारांवर जातो. सगळे अभिनंदन करतात. पण महिन्याचा खर्च आता १५ लाख ६० हजार, आणि तीन महिन्यांचे अडकलेले पैसे जवळजवळ ४७ लाख. साडेतेरा लाख जास्त लागले, जास्तीचा नफा महिन्याला दीड लाख. म्हणजे नऊ महिने सगळा वाढीव नफा नुसता वाढलेल्या उधारीत आणि साठ्यात जिरणार. ज्याच्याकडे हे नऊ महिने तग धरायची सोय नाही, तो भरपूर ऑर्डरी असताना बसतो. असे गाळे बंद पडतात तेव्हा शेजारी म्हणतात, ‘धंदा तर जोरात होता!’ जोरात होता म्हणूनच.

कराचाही यात हात असतो, आणि तो शिकवणीच्या पुस्तकात सापडत नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या भांड्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. गिऱ्हाइकाला आनंद झाला, होणारच. पत्र्यावरचा कर मात्र १८ टक्केच राहिला. आपल्या गाळ्यात महिन्याला ७ लाखांचा पत्रा येतो, त्यावरचा कर १ लाख २६ हजार. पूर्वी १२ लाखांच्या विक्रीवर १ लाख ४४ हजार कर गोळा व्हायचा, त्यातून पत्र्याचा कर वळता व्हायचा. आता विक्रीवर गोळा होतात ६०,०००, आणि दर महिन्याला ६६,००० रुपये सरकारकडे जमा राहतात. कायद्यात त्याचा परतावा मागता येतो, पण तो कच्च्या मालावरच्या करापुरता. सेवा आणि यंत्रांवरच्या कराला ती सवलत नाही. अर्ज, छाननी आणि प्रत्यक्ष पैसा यांत दोन-तीन महिने गेले, तरी दोन लाखांच्या आसपास आणखी अडकले. कर कमी झाला आणि भांडवलाची गरज वाढली. हे वाक्य ज्याला पहिल्या झटक्यात विचित्र वाटत नाही, त्याला खेळतं भांडवल समजलं असं समजावं.

उधारीवर कायदा आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा २००६ सांगतो की लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. हे व्याज लावायची हिंमत किती लहान उद्योजक करतात? गिऱ्हाईक तुटेल ही भीती व्याजापेक्षा मोठी असते. मग २०२३च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात कलम ४३बी (एच) आणलं: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं देणं मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळणार नाही. १ एप्रिल २०२४पासून ते लागू झालं आणि व्यापारी संघटनांनी ते पुढे ढकला म्हणून जोरदार ओरड केली. माझ्या मते दहा परिपत्रकांनी झालं नसतं ते या एका कलमाने केलं, कारण देणेकऱ्याच्या खिशाला हात घातला. मात्र त्यासाठी उद्यम नोंदणी हवी आणि बिलावर तो क्रमांक छापलेला बरा. आपल्या गाळ्याची उधारी ६० दिवसांवरून कायद्याच्या ४५ दिवसांवर आली, तर साडेपाच लाख रुपये मोकळे होतात. १२ टक्क्यांनी वर्षाचं व्याज वाचतं ६६,०००. एकही डबा जास्त न विकता.

रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या ट्रेड्स मंचांवर बिलं वटवता येतात, ही सोय २०१७पासून आहे. २५० कोटींवर उलाढालीच्या कंपन्यांना तिथे नाव नोंदवणं आता बंधनकारक आहे. मोठ्या कंपनीला खोके पुरवणाऱ्याला तिचा उपयोग होईल. भांडी बाजारातल्या घाऊक व्यापाऱ्याला विकणाऱ्याला नाही.

ही कोंडी लहानांचीच नाही. साखर कारखान्याने उसाचा रास्त आणि किफायतशीर भाव १४ दिवसांत द्यावा असा १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे. साखर मात्र केंद्राच्या मासिक कोट्यानुसार वर्षभर विकायची. चार-पाच महिन्यांत घेतलेल्या मालाचे पैसे लगेच द्यायचे आणि विक्री सावकाश करायची. मालतारण कर्ज, त्याचं व्याज आणि दर हंगामात थकलेल्या ऊसबिलांचं आंदोलन, या सगळ्याच्या मुळाशी हेच दिवसांचं गणित आहे. त्यावर बोलताना आपण फक्त राजकारण बोलतो.

भावाचा निर्णय हा पुढचा टप्पा. एखादा व्यापारी येतो: २,००० डबे हवेत, भाव १०५, उधारी दोन महिने. हिशेबनीस सरासरी काढतो. डब्याचा खर्च ९०, त्यावर स्थिर खर्चाचा वाटा २१, एकूण १११. सहा रुपयांचा तोटा, नको. पण गाळ्यात प्रेस रिकामी पडलेली असेल तर स्थिर खर्च या ऑर्डरीमुळे एक रुपयाने वाढत नाही. डब्यामागे १५ रुपये, म्हणजे ३०,००० सुटतात. १ लाख ८० हजारांचा माल दोन महिने अडकतो, त्याचं १२ टक्क्यांनी व्याज ३,६००. तरी २६,४०० हातात. सरासरीने नाकारलेली ऑर्डर सीमान्त हिशेबाने घ्यावीशी वाटते, आणि पाठ्यपुस्तक इथेच समाधानाने थांबतं.

बाजार तिथे थांबत नाही. भांडी बाजारात भाव लपत नाही. १०५ला दिले ही बातमी जुन्या गिऱ्हाइकांपर्यंत गेली आणि त्यांनी डब्यामागे फक्त ३ रुपये कमी करून घेतले, तर १०,००० डब्यांवर दरमहा ३०,००० गेले, आणि ते एकदाच नाही, दर महिन्याला. म्हणून मुरलेला कारखानदार अशी ऑर्डर वेगळ्या गेजच्या पत्र्यात, वेगळ्या शिक्क्याने किंवा लांबच्या गावासाठी घेतो. त्याने हे कुठे शिकलेलं नसतं. पण एका बाजूला तीस हजार आणि दुसऱ्या बाजूला दरमहा तीस हजार असे दोन आकडे कागदावर मांडता आले, तर नव्या पोरालाही ते पहिल्याच वर्षी समजेल.

यंत्राचा निर्णय घेताना आपल्याकडे एकच प्रश्न विचारतात, पैसे किती वर्षांत वसूल? ६ लाखांची प्रेस, तिच्यामुळे वर्षाला १ लाख ६० हजारांची बचत, म्हणजे पावणेचार वर्षं. पाच वर्षं चालणार, मग घ्या. या हिशेबात पाचव्या वर्षीचा रुपया आणि आजचा रुपया एकाच किमतीचा धरला आहे. १२ टक्के दराने पाच वर्षांच्या बचतीची आजची किंमत येते ५ लाख ७७ हजार. सहा लाख घालून पावणेसहा. तोटा. पण पाच वर्षांनी प्रेस एक लाखाला विकली जाणार असेल, तर त्याचे आजचे ५७,००० मिळवले की पारडं फिरतं आणि ३४ हजारांचा फायदा दिसतो. सगळा निर्णय जुन्या प्रेसच्या भावावर येऊन टेकला! अशा वेळी मशीन विकणाऱ्याच्या माहितीपत्रकापेक्षा जुन्या मशीनच्या दलालाला केलेला एक फोन जास्त मोलाचा. सूत्राचा खरा उपयोग हाच आहे. ते उत्तर देतं त्याहून जास्त, कोणता आकडा तपासून घ्यायचा ते दाखवतं.

आता गाळा स्वतःच्या मालकीचा असेल तर? ‘भाडं नाही, तेवढाच फायदा,’ असं सर्रास ऐकू येतं. मेट्रो ९ मार्गिकेवर काशीगाव स्थानक उभं राहिलं, दहिसर ते काशीगाव टप्प्याची चाचणी मे २०२५मध्ये झाली. स्थानकाजवळच्या जागेला उद्या गोदामवाला, जिमवाला, क्लासवाला चांगलं भाडं देऊ करेल. तो गाळा भाड्याने देऊन ६०,००० मिळत असतील आणि स्वतःच्या धंद्यात नफा ५०,००० होत असेल, तर तो माणूस महिनाभर राबून दहा हजार गमावतो. मालकाने स्वतःचा पगार धरला नाही, बायको हिशेब आणि पॅकिंग बघते तिचा धरला नाही, तर नफा आणखी फुगतो. वडिलांनी १९८०-९०च्या दशकात घेतलेला गाळा वहीत त्या वेळच्या किमतीने दिसतो. तो आकडा इतिहास म्हणून ठीक, निर्णयाला निरुपयोगी. अर्थात भाड्याने देऊन घरी बसायचं का, हा नुसत्या पैशाचा प्रश्न नाही. पाच कामगारांची रोजी आणि मुलाच्या हाती द्यायचा धंदा यांचीही किंमत असते. फक्त आपण ती किती मोजतो आहोत, हे माहीत असावं.

बाहेरच्या जगातून उसनं घ्यायचंच तर एक सूत्र घ्यावं. अमेरिकेतल्या ड्यू पाँ कंपनीत डोनाल्डसन ब्राऊनने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मांडलं: गुंतवलेल्या पैशावरचा परतावा म्हणजे विक्रीवरचा नफा गुणिले पैशाचे फेरे. दहा टक्के सुटून वर्षातून दोन फेरे, किंवा चार टक्के सुटून पाच फेरे. परतावा सारखाच, वीस टक्के. भाईंदरच्या घाऊक बाजारातले जुने मारवाडी-गुजराती व्यापारी कमी मार्जिनवर रोखीने माल का हलवतात, ते यातून कळतं. बिर्ला समूहात तर पडता पद्धतीने गिरणीचा रोजचा नफा रोज काढला जात असे. घरच्या गादीवर लहानपणापासून बसलेल्यांना हे ऐकून ऐकून येतं. नोकरदार घरातून पहिल्या पिढीत धंद्यात उतरणाऱ्या मराठी तरुणाला ते कोणीतरी शिकवायला हवं, इतकाच फरक.

तो शिकतो कुठे? बहुधा प्रोजेक्ट रिपोर्ट नावाच्या कागदात त्याची या विषयाशी पहिली गाठ पडते. मुद्रा, पीएमईजीपी किंवा २०१९पासूनचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, कुठल्याही योजनेत बँकेला अंदाजपत्रक लागतं: पाच वर्षांची विक्री, नफा, कर्जफेडीची क्षमता, ब्रेक-इव्हन. सगळा व्यवस्थापकीय वित्ताचा अभ्यासक्रम त्या पंधरा-वीस पानांत असतो. ती पानं एजंट किंवा सीएच्या ऑफिसातून ठरलेल्या रकमेत तयार मिळतात. बँकेला हवं तेवढं कर्जफेडीचं गुणोत्तर आधी ठरतं आणि विक्रीचा आकडा त्याला जुळवून घेतला जातो. अर्जदार शेवटच्या पानावर सही करतो. आपल्याच धंद्याचं सगळ्यात महत्त्वाचं पुस्तक न वाचता सही करणं, ही या क्षेत्रातली सगळ्यात मोठी वाया गेलेली संधी आहे असं मला वाटतं.

१९८७ साली जॉन्सन आणि कॅप्लन या दोन अमेरिकी प्राध्यापकांनी ‘रेलेव्हन्स लॉस्ट’ या पुस्तकात तक्रार केली की कंपन्यांचे हिशेब भागधारकांना दाखवायच्या अहवालांच्या मागे लागले आणि व्यवस्थापकाच्या कामाचे उरले नाहीत. आपल्या लहान उद्योगांत भागधारकाच्या जागी कर अधिकारी बसला आहे. कमी नफा दाखवायचा तो आयकरासाठी, जास्त दाखवायचा तो बँकेसाठी. खरा आकडा मालकाच्या डोक्यात, आणि हळूहळू तिथेही धूसर. जीएसटीने यात एक चांगली गोष्ट केली: बिलं वेळेवर चढू लागली. तेव्हा माहिती नाही ही सबब उरलेली नाही. टॅलीत कोणाकडे किती दिवसांचं येणं आहे त्याचा तक्ता एका मिनिटात निघतो, साठ्याचं वय निघतं. अकाउंटंटला तो काढता येतो. मालक मागत नाही, म्हणून तो काढत नाही.

शिकण्याच्या सोयी आज कमी नाहीत. स्वयमसारख्या मंचांवर आयआयटी-आयआयएमचे फुकट अभ्यासक्रम आहेत, बहुतेक इंग्रजीत. यूट्यूबवर मराठी आणि हिंदीत शेअर बाजाराचं वित्त भरपूर आहे, गाळ्याचं वित्त फार थोडं. उद्योजकता विकास केंद्राच्या आणि जिल्हा उद्योग केंद्राच्या प्रशिक्षणांत भर योजना, नोंदणी आणि अनुदान यांवर असतो. हिशेबाला एखादं सत्र मिळतं. एमबीए करून आलेला मुलगा वडिलांच्या गाळ्यात भांडवलाची भारित सरासरी किंमत सांगू शकतो, पण पॉलिशवाल्याकडे माल चार दिवस जास्त पडला तर किती रुपये पडले, हे त्यालाही काढून पाहावं लागतं.

हे बदलायला विद्यापीठ लागत नाही. मिरा रोड-भाईंदरच्या वाणिज्य महाविद्यालयांत संध्याकाळी वर्ग रिकामे असतात, इंडस्ट्रियल इस्टेटच्या सोसायट्यांना कार्यालयं आहेत, आणि जवळपास कॉस्ट अकाउंटंट आहेत ज्यांना बहुतेक गाळेवाले फक्त ऑडिटच्या संदर्भात ओळखतात. मराठी-हिंदीतून चालणारा, आठवड्यातून एक संध्याकाळ असा तीन महिन्यांचा वर्ग त्यांनी मिळून काढावा. अट एकच: प्रत्येकाने स्वतःच्या गाळ्याचे आकडे घेऊन यायचं. पहिल्या महिन्यात उधारी आणि साठ्याचे दिवस, दुसऱ्यात नगामागे सुटणारे पैसे आणि भाव, तिसऱ्यात मशीन आणि कर्ज. शेअर, लाभांश आणि भांडवली रचना ज्याला हवी त्याने नंतर शिकावी. वर्ग सुरू होईपर्यंत थांबायचंही कारण नाही. येत्या महिन्यात अकाउंटंट येईल तेव्हा विवरणपत्रावर सही करण्याआधी त्याच्याकडून येण्याचा वयवार तक्ता छापून घ्या, आणि ४५ दिवसांच्या वरच्या पहिल्या तीन नावांना त्याच दुपारी फोन करा.